रानटी लांडग्यांमधील कृमींचा अभ्यास: विष्ठेचा नमुना उचलण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत

लांडग्याच्या आतड्यात कोणते कृमी आहेत हे जाणून घेण्यासाठी लांडगा पकडण्याची गरज नसते. कृमींची अंडी, अळ्या आणि पट्टकृमींचे (फितीसारख्या चपट्या, खंडांनी बनलेल्या कृमींचे) सुटे झालेले खंड विष्ठेवाटे बाहेर पडत असतात, आणि लांडगे हद्दीची खूण म्हणून वाटांवर, तिठ्यांवर आणि उंचवट्यांवर उघड्यावरच विष्ठा टाकतात. त्यामुळे एकाही प्राण्याला त्रास न देता संपूर्ण टोळीची बरीचशी माहिती मिळू शकते. हे काम वरवर सोपे दिसते, आणि म्हणूनच ते अनेकदा निष्काळजीपणे केले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली अंडे ओळखण्यात झालेली चूक दुरुस्त करता येते, कारण नमुना शिल्लक असेल तर काचपट्टी पुन्हा तयार करता येते; परंतु विष्ठा कोणत्या प्राण्याची आहे, ती किती जुनी आहे आणि ती कशात साठवली गेली या बाबतींत झालेली चूक पुढे कोणत्याही उपकरणाने सुधारता येत नाही. म्हणून या लेखात प्रयोगशाळेइतकीच जागा तिच्या आधीच्या टप्प्यांना दिली आहे. वन्यजीवांचा अभ्यास करणारे विद्यार्थी, पशुवैद्यक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांना तो उपयोगी पडावा अशी अपेक्षा आहे. लांडगा अनेक देशांत संरक्षित असल्याने नमुने गोळा करण्याची आणि ते वाहून नेण्याची लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी.

प्रश्न आधी ठरवावा

‘लांडग्यांमध्ये कोणते कृमी आहेत’ हा प्रश्न फार सैल आहे. नमुने किती लागतील, ते कशात ठेवायचे आणि कोणती चाचणी करायची हे सर्व कोणत्या कृमीचा शोध घ्यायचा आहे यावर ठरते, आणि एका गटासाठी योग्य असलेली साठवण दुसऱ्या गटाचा पुरावा नष्ट करते. त्यामुळे प्रमुख गटांची जीवनचक्रे डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे.

लांडग्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा गट पट्टकृमींचा आहे, कारण त्यांचे संपूर्ण जीवनचक्र शिकारी आणि भक्ष्य यांच्या संबंधावर उभे असते. प्रौढ पट्टकृमी लांडग्याच्या लहान आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात, ती चरणाऱ्या प्राण्याच्या पोटात जातात, तेथे अळीची गाठ तयार होते आणि लांडग्याने ते अवयव खाल्ले की चक्र पूर्ण होते. टीनिया हायडॅटिजेना या जातीची अळी खुरी प्राण्यांच्या उदरपोकळीत पातळ पिशवीच्या रूपात लोंबत असते. टीनिया क्रॅबीची अळी हरिणवर्गीय प्राण्यांच्या स्नायूंत, टीनिया पिसिफॉर्मिसची सशांच्या उदरपोकळीत आणि टीनिया मल्टिसेप्सची मेंढ्यांच्या मेंदूत वाढते. या शेवटच्या जातीमुळे मेंढी एकाच बाजूला गोल फिरू लागते आणि मेंढपाळांना तो आजार चांगला ठाऊक असतो. प्रशांत महासागराच्या उत्तर अमेरिकी किनाऱ्यावर सामन मासे खाणाऱ्या लांडग्यांमध्ये माशांमधून येणारे पट्टकृमीही आढळतात. थोडक्यात, पट्टकृमीची जात कळली की लांडग्याने काय खाल्ले याचाही अंदाज बांधता येतो.

याच गटातील एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा आकाराने अगदी क्षुल्लक, २ ते ७ मिलिमीटर लांबीचा कृमी सर्वांत अधिक चर्चेत असतो. तो एकाच लांडग्यात हजारोंच्या संख्येने असू शकतो आणि तरीही लांडग्याला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. मूस, एल्क, रेनडियर हे हरिणवर्गीय प्राणी किंवा मेंढी यांच्या फुप्फुसात वा यकृतात मात्र त्याच्या हायडॅटिड (द्रवाने भरलेल्या) गाठी वाढतात, आणि अंडी माणसाच्या पोटात गेल्यास तशाच गाठी माणसातही होतात. उत्तर अमेरिकेतील आयल रॉयल बेटावर लांडगे आणि मूस यांच्यामध्ये हे चक्र दीर्घकाळ चालू असल्याचे ज्ञात आहे. अमेरिकेच्या आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत २००६ ते २००८ या काळात तपासलेल्या १२३ लांडग्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लांडग्यांच्या आतड्यात हा कृमी मिळाला होता. त्याचा जवळचा नातेवाईक एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा प्रामुख्याने कोल्ह्याचा कृमी असला तरी लांडग्यातही आढळतो, आणि माणसाच्या यकृतात तो अर्बुदासारखा पसरत जात असल्याने अधिक घातक आहे.

गोलकृमींपैकी टॉक्सोकॅरा कॅनिस पिल्लांमध्ये अधिक सापडतो, कारण त्याच्या अळ्या आईच्या शरीरातून गर्भात आणि पुढे दुधातूनही जातात. टॉक्सास्कॅरिस लिओनिनामध्ये असे होत नाही, त्यामुळे तो मोठ्या प्राण्यांतही तितकाच दिसतो. थंड प्रदेशातील अंकुशकृमी (हुकवर्म) बहुधा अन्सिनारिया स्टेनोसेफाला या जातीचा असतो, तर उष्ण प्रदेशात अँकिलोस्टोमा कॅनिनम भेटतो. त्यांच्याशिवाय व्हिपवर्म (चाबकाच्या आकाराचा गोलकृमी), फुप्फुसातील क्रेनोसोमा व्हल्पिस, तसेच बेडूकवर्गीय प्राण्यांमार्फत येणारा अलारिया हा चपटा कृमी यांचीही नोंद लांडग्यांमध्ये आहे.

विष्ठेत काय दिसणार नाही हेही आधीच स्पष्ट असावे. डासांमार्फत पसरणारा हृदयकृमी डायरोफिलारिया इमिटिस रक्तात आणि फुप्फुसाच्या रोहिणीत असतो. ट्रायकिनेलाच्या अळ्या स्नायूंत असतात. उजव्या मूत्रपिंडात राहणाऱ्या मोठ्या मूत्रपिंडकृमीची अंडी मूत्रातून बाहेर पडतात. विष्ठेची तपासणी करून ‘हे कृमी आढळले नाहीत’ असे लिहिलेले अहवाल वाचायला मिळतात; अशा वाक्याला काहीही अर्थ नसतो.

हाताळणीतील सुरक्षितता

हा टप्पा औपचारिकता म्हणून उरकण्यासारखा नाही. एकायनोकॉकसची अंडी विष्ठेतून बाहेर पडताच संसर्गक्षम असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत, हातांना आणि केसांना चिकटतात आणि थंड, ओलसर जागी कित्येक महिने जिवंत राहतात. अनेकांचा असा समज असतो की अल्कोहोल किंवा फॉर्मलिनमध्ये नमुना बुडवला की तो निर्धोक झाला; पट्टकृमींच्या अंड्यांच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. घरगुती फ्रीझरमधील उणे २० अंश सेल्सिअस तापमानही पुरेसे नाही. उणे ८० अंशांवर सुमारे एक आठवडा ठेवणे ही प्रयोगशाळांतील रूढ पद्धत आहे. उकळते तापमान अंडी त्वरित मारते, आणि कोरडेपणाही त्यांना सोसत नाही. मात्र ‘वाळलेली दिसते’ म्हणून विष्ठा सुरक्षित समजू नये, कारण तिचा आतला भाग ओला असू शकतो.

क्षेत्रात प्रत्येक नमुन्यासाठी नवे हातमोजे वापरावेत, पिशवी उलटी करून हातावर चढवून त्यातूनच नमुना उचलावा आणि बाहेरून दुसरी पिशवी घालावी. कोरडी विष्ठा फोडू नये. फोडावीच लागली तर एन-९५ दर्जाचा मुखपट्टा लावून, वाऱ्याकडे पाठ करून फोडावी. विष्ठेत केस आणि हाडे पाहून भक्ष्य ओळखण्याची घाई अनेकांना होते आणि ती जागेवरच काडीने चिवडली जाते. ही सवय मोडायला हवी. आहाराचा अभ्यास करायचा असल्यास तोही नमुना निर्जंतुक झाल्यावरच करावा. हात साबणाने धुतल्याशिवाय खाणे-पिणे टाळावे आणि नमुने खाद्यपदार्थांच्या शीतपेटीत कधीही ठेवू नयेत.

विष्ठा लांडग्याचीच आहे याची खात्री

आकारावरून ओळख पटवणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत फसवी पद्धत आहे. लांडग्याची विष्ठा साधारणतः जाड, एका टोकाला निमुळती, केसांनी भरलेली असते आणि ३० मिलिमीटरपेक्षा अधिक व्यासाची विष्ठा लांडग्याची असण्याची शक्यता वाढते. परंतु तरुण लांडग्याची विष्ठा लहान असते, आणि मोठ्या कुत्र्याची विष्ठा तेवढीच जाड असू शकते. ज्या परिसरात मोकाट किंवा मेंढपाळांचे कुत्रे फिरतात तेथे ही अडचण गंभीर होते, कारण कुत्रा आणि लांडगा यांच्यात कृमींच्या जवळजवळ सर्व जाती समान आहेत. कुत्र्याची विष्ठा लांडग्याची म्हणून मोजली गेली तर चूक पकडली जाईल असे काहीच त्या आकड्यांत नसते.

म्हणून शक्य असेल तेथे डीएनए तपासणीची तरतूद करावी. विष्ठा बाहेर पडताना तिच्या पृष्ठभागावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी लागलेल्या असतात. ताज्या विष्ठेचा चकाकणारा बाह्य थर निर्जंतुक बोळ्याने पुसून किंवा खरवडून वेगळ्या नळीत ठेवावा. ऊन आणि पाऊस या पेशींची फार लवकर नासाडी करतात. केवळ मायटोकाँड्रियाच्या (फक्त आईकडून येणाऱ्या) डीएनएवर विसंबून राहणेही पुरेसे नाही, कारण कुत्रा हा लांडग्याचाच पाळीव वंशज आहे आणि दोघांचा संकरही होतो. केंद्रकीय डीएनएच्या खुणा तपासल्या तर प्राणी कोणता हे तर कळतेच, शिवाय दोन विष्ठा एकाच लांडग्याच्या आहेत का हेही समजते. ही दुसरी माहिती पुढे आकडेमोड करताना अमूल्य ठरते.

डीएनए तपासणीसाठी निधी नसेल तर निदान नमुन्यांची श्रेणी लावावी: प्रत्यक्ष लांडगा विष्ठा टाकताना दिसला किंवा स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला, ताज्या पावलांच्या मागावर सापडली, किंवा केवळ आकारावरून ठरवली. तीनही श्रेणींचे निष्कर्ष स्वतंत्र मांडावेत. आकारावरून ठरवलेले सर्व नमुने वगळल्यावर निष्कर्ष बदलत असेल, तर तो निष्कर्ष प्रसिद्ध करण्याजोगा झालेला नाही असे समजावे.

कोठे, केव्हा आणि किती

ठरावीक वाटा निवडाव्यात, त्यांवरील जुनी विष्ठा पहिल्या फेरीत काढून टाकावी आणि त्यानंतर ठरावीक अंतराने त्याच वाटांवर फिरावे. म्हणजे सापडणारी विष्ठा जास्तीत जास्त किती जुनी असेल याची मर्यादा आपोआप ठरते. उष्ण हवेत अंकुशकृमींची अंडी एक-दोन दिवसांतच फुटतात, आणि जमिनीतील स्वतंत्र जगणारे गोलकृमी विष्ठेत शिरून फुप्फुसकृमींच्या अळ्यांचा आभास निर्माण करतात. म्हणून फेऱ्या जितक्या जवळच्या अंतराने होतील तितके चांगले, आणि मातीला टेकलेला भाग जागेवरच सोडून द्यावा.

गुहेजवळ आणि पिल्लांना ठेवण्याच्या ठिकाणी विष्ठा मुबलक मिळते, त्यामुळे तेथे जाण्याचा मोह होतो. पिल्ले असताना तेथे पाऊलही टाकू नये. टोळीने जागा सोडल्याची खात्री झाल्यावरच जावे. शिवाय अशा जागी पिल्लांच्या विष्ठेचे प्रमाण अधिक असल्याने टॉक्सोकॅराचे प्रमाण फुगलेले दिसते. ते नमुने वाटांवरील नमुन्यांत मिसळले तर संपूर्ण टोळीविषयी चुकीचे चित्र उभे राहते. ऋतूचाही असाच परिणाम होतो, त्यामुळे एका हंगामातील आकड्याची दुसऱ्या प्रदेशातील दुसऱ्या हंगामाच्या आकड्याशी तुलना करताना फार सावध राहावे.

नमुन्यांची संख्या ठरवताना एक साधा हिशेब उपयोगी पडतो. एकाही नमुन्यात कृमी न मिळाल्यास, खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा साधारणपणे ३ भागिले नमुन्यांची संख्या इतकी असते. म्हणजे ३० स्वतंत्र नमुने स्वच्छ निघाले तरी दर १० लांडग्यांमागे एकाला लागण असण्याची शक्यता शिल्लक राहते, आणि तीही चाचणी अचूक आहे असे गृहीत धरून. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे: एकाच टोळीच्या मागावर उचललेल्या ३० विष्ठा म्हणजे ३० लांडगे नव्हेत, कदाचित ५ किंवा ६ असतील.

प्रत्येक नमुन्यासोबत दिनांक, जीपीएस स्थान, अंदाजे वय, उन्हात होता की सावलीत, त्याचा पोत, आसपास कुत्र्यांचा वावर आणि मोजपट्टीसह छायाचित्र यांची नोंद करावी. पृष्ठभागावर तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे पांढरट, चपटे, कधीकधी वळवळणारे तुकडे दिसल्यास ते टीनियाचे खंड असतात. ते चिमट्याने वेगळ्या नळीत ठेवावेत, कारण त्यांच्यावरून जात ठरवणे अंड्यांपेक्षा कितीतरी सोपे जाते.

एका नमुन्याचे चार भाग

एकच साठवण सर्व चाचण्यांना चालत नाही, त्यामुळे नमुना पुरेसा असेल तर त्याचे भाग करावेत. अंडी विष्ठेत सारखी पसरलेली नसतात, म्हणून टोकाचा एकच तुकडा न घेता तीन-चार ठिकाणांहून घेतलेला भाग एकत्र मिसळावा आणि मग वाटणी करावी. एक भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये डीएनएसाठी ठेवावा. विष्ठेच्या अनेक पट इथेनॉल घ्यावे, अन्यथा विष्ठेतील पाण्याने ते पातळ होते. दुसरा भाग न गोठवता ४ अंशांच्या आसपास ठेवून लवकरात लवकर जिवंत अळ्यांच्या तपासणीसाठी न्यावा. तिसरा भाग उणे ८० अंशांवर निर्जंतुक करून नंतर अंडी मोजण्यासाठी वापरावा. चौथा भाग १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवता येतो, ज्यात अंड्यांचा आकार वर्षानुवर्षे टिकतो, परंतु त्यातून डीएनए मिळण्याची आशा सोडावी लागते.

येथे एक ओढाताण आहे. गोठवल्याने काम करणाऱ्याचा जीव सुरक्षित राहतो, पण अळ्या मरतात आणि अंकुशकृमींची पातळ कवचाची अंडी विकृत होतात. न गोठवल्यास निदान चांगले होते, पण धोका राहतो. माझे मत असे आहे की एकायनोकॉकस असलेल्या किंवा असण्याची शक्यता असलेल्या प्रदेशात न गोठवलेला भाग केवळ जैवसुरक्षा कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच उघडावा, आणि तशी सोय नसेल तर फुप्फुसकृमींचा प्रश्न त्या अभ्यासातून सरळ वगळावा.

प्रयोगशाळेतील तपासणी

तरंगण पद्धत ही सर्वसाधारण सुरुवात. अंड्यांपेक्षा अधिक घनतेच्या द्रावणात विष्ठा कालवली की अंडी वर येतात आणि गाळ खाली बसतो. मिठाचे संपृक्त द्रावण स्वस्त पडते, त्याची सापेक्ष घनता १.२० पर्यंत जाते. पट्टकृमींची अंडी जड असल्याने ती त्यात नीट तरंगत नाहीत. लांडग्यांसाठी साखरेचे द्रावण अधिक योग्य: ३५५ मिलिलिटर पाण्यात ४५४ ग्रॅम साखर मंद आचेवर विरघळवली की सुमारे १.२७ घनतेचे द्रावण मिळते, आणि बुरशी येऊ नये म्हणून त्यात ६ मिलिलिटर फॉर्मलिन घालतात. प्रत्येक वेळी घनतामापकाने तपासून घ्यावे. डोळ्यांनी अंदाज करू नये. साधारण २ ते ५ ग्रॅम विष्ठा द्रावणात कालवून गाळून घ्यावी, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, वर काठोकाठ द्रावण भरून आच्छादन काच ठेवावी आणि १० मिनिटांनी ती काचपट्टीवर घ्यावी. सेंट्रिफ्यूजशिवाय नुसते ठेवून दिल्यास अंडी हुकण्याचे प्रमाण बरेच वाढते. लांडग्याच्या विष्ठेत केस आणि हाडांचे कण इतके असतात की गाळणी वारंवार तुंबते. घाईने दाबून गाळण्यापेक्षा अधिक द्रावण घालून दोनदा गाळावे.

अलारियासारख्या चपट्या कृमींची अंडी जड असल्यामुळे त्यांच्यासाठी अवसादन पद्धत लागते: विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, वरचे पाणी पुन्हा पुन्हा ओतून टाकत तळाचा गाळ तपासतात. फुप्फुसकृमींच्या अळ्यांसाठी बेअरमन पद्धत वापरतात. जाळीदार कापडात बांधलेली न गोठवलेली विष्ठा नरसाळ्यातील कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की जिवंत अळ्या बाहेर येऊन तळाशी साचतात. तेथे मिळालेल्या प्रत्येक अळीच्या शेपटीचा आकार पाहिल्याशिवाय तिला फुप्फुसकृमी म्हणू नये.

मॅकमास्टर पद्धतीने, म्हणजे दोन कप्पे असलेल्या मोजणीच्या काचपट्टीवर, दर ग्रॅम विष्ठेतील अंड्यांची संख्या काढता येते. ४ ग्रॅम विष्ठा ५६ मिलिलिटर द्रावणात मिसळली, तर दोन्ही कप्प्यांतील एकूण अंड्यांना ५० ने गुणावे लागते. याचाच अर्थ दर ग्रॅम ५० पेक्षा कमी अंडी असलेली लागण या पद्धतीला बहुधा दिसतच नाही. रानटी मांसाहारी प्राण्यांच्या बाबतीत या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. ताजी शिकार मिळाल्यावर लांडगा आधी मऊ अवयव आणि मांस खातो, तेव्हाची विष्ठा काळी आणि पातळ असते. नंतर कातडी आणि हाडे खाल्ल्यावरची विष्ठा केसांनी भरलेली असते. तेवढेच कृमी असूनही या दोन विष्ठांमधील दर ग्रॅम आकडा वेगळा येणार. पट्टकृमींच्या बाबतीत तर हा आकडा अधिकच निरर्थक आहे, कारण त्यांची अंडी खंडांमध्ये बांधलेली असतात आणि एका विष्ठेत भरपूर, तर दुसरीत शून्य असे सहज घडते.

अंडी ओळखताना

सूक्ष्मदर्शकात मोजपट्टी बसवून ती प्रत्येक भिंगासाठी प्रमाणित केल्याशिवाय काम सुरू करू नये. लांडग्याच्या कृमींमध्ये मोजमाप हा निम्मा पुरावा असतो. टॉक्सोकॅराचे अंडे जवळजवळ गोल, गडद तपकिरी, सुमारे ७५ ते ९० मायक्रोमीटरचे आणि खड्डेदार कवचाचे असते, तर टॉक्सास्कॅरिसचे अंडे साधारण त्याच मापाचे पण फिकट आणि गुळगुळीत कवचाचे असते. व्हिपवर्मचे अंडे लिंबाच्या आकाराचे, दोन्ही टोकांना बूच असलेले, ७० ते ९० मायक्रोमीटर लांबीचे. फुप्फुसनलिकांतील कॅपिलारियाचे अंडेही तसेच दिसते, म्हणून बुचांची ठेवण आणि कवचावरील नक्षी पाहावी. अंकुशकृमींची अंडी पातळ कवचाची, लंबगोल, आत पेशींचा पुंजका असलेली असतात, आणि अन्सिनारियाचे अंडे अँकिलोस्टोमाच्या अंड्यापेक्षा मोठे असते.

टीनिया आणि एकायनोकॉकस यांची अंडी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येत नाहीत. ३० ते ४० मायक्रोमीटरचे, अरीय रेषांच्या जाड आवरणाचे, आत सहा आकड्यांचा (हुकांचा) भ्रूण असलेले अंडे मिळाले तर ‘टीनिड अंडे’ एवढेच लिहावे. पुढील ओळखीसाठी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती करून तो ओळखण्याची चाचणी) लागते. त्यासाठी झिंक क्लोराइडच्या द्रावणात अंडी तरंगवून, ती सुमारे ४० मायक्रोमीटरच्या चाळणीतून जाऊ देऊन २० मायक्रोमीटरच्या चाळणीवर अडवतात आणि अडवलेल्या अंड्यांतून डीएनए काढतात.

याशिवाय एक सापळा असा की लांडग्याने खाल्लेल्या प्राण्याच्या आतड्यातील कृमींची अंडी न पचता तशीच बाहेर पडतात. हरिणाच्या किंवा मेंढीच्या कृमींची अंडी लांडग्याच्या विष्ठेत दिसली म्हणजे लांडग्याला त्या कृमींची लागण झाली असे नव्हे. परागकण, बुरशीचे बीजाणू आणि माइट किड्यांची अंडी हेही नवख्याला हमखास फसवतात. सार्कोसिस्टिसची बीजाणुपुटी (बीजाणूंची सूक्ष्म पिशवी) वारंवार दिसते, परंतु तो एकपेशीय जीव आहे, कृमी नाही. नोंद करावी, पण वेगळ्या रकान्यात.

मृत लांडगा मिळाल्यास

वाहनाच्या धडकेने किंवा इतर कारणाने मेलेला लांडगा परवानगीने हाती आला, तर तो दहा-वीस विष्ठांपेक्षा अधिक सांगतो. लहान आतडे दोन्ही टोकांना बांधून काढावे आणि उघडण्यापूर्वी उणे ८० अंशांवर आठवडाभर ठेवावे. नंतर त्याचे तुकडे करून, लांबीत कापून, अस्तर बोटांनी घट्ट निपटून सर्व द्रव्य भांड्यात धुवावे, वारंवार निवळून तळाचा गाळ काळ्या पार्श्वभूमीवर स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. एकायनोकॉकसच्या निदानासाठी हीच पद्धत आजही मानदंड मानली जाते. संख्या हजारांत असल्यास गाळाचा ठरावीक अंश मोजून एकूण संख्येचा हिशेब करावा.

हृदयाचा उजवा भाग आणि फुप्फुसाची रोहिणी उघडून हृदयकृमी, श्वासनलिकेत कॅपिलारिया, अन्ननलिकेच्या भिंतीत स्पायरोसर्का लुपाय या गोलकृमीच्या गाठी आणि मूत्रपिंडे पाहावीत. ट्रायकिनेलासाठी मध्यपटल, जीभ किंवा पुढच्या पायाचे स्नायू घ्यावेत, बारीक करून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात ४४ ते ४६ अंशांवर ढवळत पचवावेत आणि तळाशी बसणाऱ्या अळ्या मोजाव्यात. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील ट्रायकिनेला नेटिव्हा ही जात गोठवूनही मरत नाही, त्यामुळे उरलेले मांस कुत्र्यांना घालू नये.

आकडे मांडणे आणि त्यांचा अर्थ लावणे

तीन संज्ञा वेगळ्या ठेवाव्यात: किती टक्के प्राणी बाधित आहेत, बाधित प्राण्यामागे सरासरी किती कृमी आहेत, आणि बाधित-अबाधित सर्व प्राणी धरून सरासरी किती कृमी आहेत. विष्ठेवरून मिळणारी टक्केवारी ही बाधित विष्ठांची टक्केवारी असते; ती बाधित लांडग्यांची टक्केवारी म्हणून मांडण्यापूर्वी प्रत्येक विष्ठा कोणत्या लांडग्याची हे माहीत असावे लागते. कृमी सर्व प्राण्यांत सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांत थोडे आणि मोजक्या प्राण्यांत फार मोठ्या संख्येने असतात, म्हणून केवळ सरासरी दिशाभूल करते आणि मध्यक व पल्ला दोन्ही द्यावेत. नव्याने लागण झालेल्या प्राण्यात कृमी असूनही अंडी दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोससला अंडी टाकू लागायला साधारण ६ आठवडे लागतात आणि व्हिपवर्मला त्याहून अधिक.

कृमी सापडणे म्हणजे आजार नव्हे. धडधाकट प्रौढ लांडगा अनेक जातींचे कृमी बाळगून वर्षानुवर्षे शिकार करतो. टॉक्सोकॅरा आणि अंकुशकृमी पिल्लांना, विशेषतः अन्नाची टंचाई असताना, अशक्त करतात. हृदयकृमी प्रौढालाही मारू शकतो. केस गळालेला, कृश लांडगा पाहून कृमींना दोष देण्याची घाई करू नये, कारण अशी अवस्था बहुधा खरजेच्या किड्यामुळे आलेली असते.

रानटी लांडग्यांना जंतांचे औषध द्यावे का, असा प्रश्न प्रत्येक सर्वेक्षणानंतर विचारला जातो. माझे उत्तर जवळजवळ नेहमी नकारार्थी आहे. भक्ष्यात गाठी शिल्लक असेपर्यंत पुन्हा लागण होत राहते, प्रत्येक प्राण्याला योग्य मात्रा पोहोचवता येत नाही, आणि आमिष ठेवल्याने लांडगे माणसाच्या जवळ येतात. तेवढाच पैसा कुत्र्यांवर खर्च केला तर माणूस, पशुधन आणि लांडगा या तिघांचाही लाभ होतो. कुत्र्यांना मेलेल्या किंवा कापलेल्या जनावरांची फुप्फुसे, यकृत आणि मेंदू कच्चे घालू नयेत व असे अवयव खोल पुरावेत वा जाळावेत. जे कुत्रे तरीही असे काही खाण्याची शक्यता आहे त्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींवरील औषध द्यावे, साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम, आणि ते ६ आठवड्यांपेक्षा कमी अंतराने. एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिसच्या प्रदेशात दर ४ आठवड्यांनी. औषध कृमी मारते, अंडी मारत नाही, त्यामुळे औषधानंतरच्या काही दिवसांची विष्ठा गोळा करून जाळून टाकावी.

अहवालात विष्ठा कोणाची हे कसे ठरवले, फेऱ्यांमधील अंतर, साठवण, द्रावणाची घनता, प्रत्येक चाचणीसाठी वापरलेले विष्ठेचे वजन आणि नकारात्मक नमुन्यांची संख्या द्यावी. पट्टकृमींचे खंड आणि प्रौढ कृमी ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवून, नमुना क्रमांकासह, एखाद्या संग्रहालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहात जमा करावेत, म्हणजे जातींचे वर्गीकरण पुढे बदलले तरी त्या नमुन्यांची ओळख पुन्हा पडताळून पाहता येईल.